दिव्यदृष्टीची किंमत

दूरचे दिसावे, झाकलेले उघडे व्हावे आणि उद्याचे आजच कळावे, ही माणसाची फार जुनी इच्छा आहे. प्रत्यक्षात ती पुरी होत नाही, म्हणून कथेत तो ती पुरी करून घेतो. जगातील अद्‌भुतकथांमध्ये अशा दिव्यदर्शी वस्तूंना तोटा नाही. कोठे भिंतीवरचा बोलका आरसा आहे, कोठे काळ्या स्फटिकाचा गोल आहे, तर कोठे झऱ्याच्या पाण्याने भरलेले चांदीचे पात्र आहे. मात्र या सर्व कथा शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, म्हणजे एक गोष्ट लक्षात आल्यावाचून राहत नाही. अशी वस्तू हाती आली आणि माणसाचे कल्याण झाले, असे कथाकार क्वचितच सांगतो. उलट, जो अधिक पाहतो तो अधिक लवकर बुडतो, असाच बहुतेकांचा निष्कर्ष आहे.

हा धोका नेमका कशात आहे? सुचणारे पहिले उत्तर सोपे आहे. जादूची वस्तू खोटे दाखवते, माणूस फसतो आणि त्याचा नाश होतो. परंतु या प्रकारच्या उत्तम लेखकांनी हे सोपे उत्तर स्वीकारलेले नाही. त्यांच्या वस्तू खोटे बोलत नाहीत. त्यांत दिसलेले खरे असते, आणि ते खरे पाहूनच माणसे नष्ट होतात. सत्यदर्शनाने विनाश कसा होतो, हा प्रश्न केवळ मुलांच्या गोष्टींपुरता मर्यादित नाही. अधिक माहिती म्हणजे अधिक शहाणपण असे गृहीत धरून चालणाऱ्या आजच्या समाजाने तो गंभीरपणे विचारात घ्यावा, असा आहे.

आरशाने दिलेला क्रमांक

सर्वांना परिचित असलेले उदाहरण हिमगौरीच्या कथेतील आरशाचे. जर्मनीतील ग्रिम बंधूंनी आपल्या लोककथासंग्रहाच्या पहिल्या खंडात ती १८१२ साली प्रसिद्ध केली. त्या आवृत्तीत दुष्ट राणी ही हिमगौरीची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. आरसा मात्र दोन्हींत सारखाच सत्यवचनी आहे. राणी त्याला वर्षानुवर्षे एकच प्रश्न विचारते, आणि राज्यात सर्वांत सुंदर तीच, हे उत्तर ऐकून समाधानाने राहते. एके दिवशी उत्तर बदलते. त्या दिवशी राणीचे रूप तसूभरही उणे झालेले नसते. बदललेला असतो तो केवळ तिचा क्रमांक. तेवढ्याने तिचे अन्नपाणी गोड लागेनासे होते आणि अखेर ती खुनापर्यंत जाऊन पोहोचते.

आरशाने येथे काय केले? त्याने असत्य सांगितले नाही, कोणाचा जीव घे असेही सुचवले नाही. त्याने फक्त एक तुलना केली आणि ती रोज उपलब्ध ठेवली. ज्या गोष्टीची यादी लावण्याचे कारण नव्हते तिची यादी लावली, आणि जी स्त्री स्वतःच्या रूपावर समाधानी राहू शकली असती तिला दुसरीच्या रूपावर अवलंबून ठेवले. गुणपत्रिकेतील गुण समाधानकारक असूनही शेजाऱ्याचे गुण कळताच मान खाली घालणारा विद्यार्थी याच आरशासमोर उभा असतो. तथापि ही कथा दिव्यदृष्टीच्या प्रश्नाचा एकच पैलू दाखवते. त्याचा सांगोपांग विचार विसाव्या शतकात ज्या लेखकाने केला, तो म्हणजे जे. आर. आर. टोल्किन.

टोल्किन यांच्या दर्शनशिळा

टोल्किन (१८९२–१९७३) हे ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजी भाषेचे प्राध्यापक होते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही त्यांची महाकादंबरी १९५४–५५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाली. तिचे कथासूत्र थोडक्यात असे: सॉरॉन नावाच्या दुष्ट सत्ताधीशाने आपले सामर्थ्य एका अंगठीत साठवले आहे. ती अंगठी त्याच्या हातून गेली असून फ्रोडो नावाच्या एका सामान्य, ठेंगण्या ग्रामस्थाकडे आली आहे. ती वापरायची नाही, तर शत्रूच्याच प्रदेशातील अग्निपर्वतात नेऊन नष्ट करायची, असे काही शहाण्या माणसांनी ठरवले आहे.

या कथेत सात दर्शनशिळा आहेत. टोल्किन यांनी रचलेल्या भाषेत त्यांना ‘पालान्तीर’ म्हणतात. ‘दूरवर पाहणारी’ हा त्या शब्दाचा अर्थ. प्राचीन काळी त्या समुद्रापलीकडून आणल्या गेल्या आणि राज्याच्या निरनिराळ्या दुर्गांत ठेवल्या गेल्या. हेतू वाईट नव्हता. दूरदूरच्या प्रांताधिकाऱ्यांनी एकमेकांशी संपर्क ठेवावा आणि सीमेवरील संकट वेळीच कळावे, हा राज्यकारभाराचा साधा व्यवहार त्यामागे होता. पुढे यादवी झाली, जहाजे बुडाली, दुर्ग पडले. काही शिळा नाहीशा झाल्या आणि एक शत्रूच्या हाती लागली. जोवर सर्व शिळा स्वकीयांकडे होत्या तोवर जे साधन सोयीचे होते, तेच आता घातक झाले. साधन तेच होते, पण दुसऱ्या टोकाला कोण बसला आहे हे बदलले होते.

टोल्किन यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अनफिनिश्ड टेल्स’ या ग्रंथात या शिळांविषयी एक स्वतंत्र टिपण आहे. एखाद्या यंत्राची माहितीपुस्तिका लिहावी इतक्या काटेकोरपणे ते लिहिलेले आहे. लहान शिळा सुमारे एक फूट व्यासाच्या होत्या. सर्वांत मोठी एकट्या माणसाला उचलण्याजोगी नव्हती. पाहणाऱ्याने कोणत्या बाजूला आणि किती अंतरावर उभे राहावे, याचेही नियम होते. शिळेची दृष्टी डोंगराच्या आरपार जाई. परंतु डोंगरातील गुहेत उजेड नसेल, तर तिला तेथील काहीही दिसत नसे. दृष्टीला अडथळा नव्हता, अंधाराला मात्र उपाय नव्हता. शिवाय शिळेतून चित्र दिसे, पण तेथील आवाज ऐकू येत नसे. दोन शिळांसमोर बसलेल्या दोन मनांचे विचार मात्र परस्परांपर्यंत पोहोचू शकत.

पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, टोल्किन हे फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर आपल्या पलटणीचे संदेशवहन अधिकारी होते, ही नोंद येथे उद्‌बोधक ठरावी. तेथील अनुभवातून या शिळा जन्मल्या असे म्हणण्यास पुरावा नाही. परंतु दूरची बातमी मिळणे आणि तिचा अर्थ कळणे यांत किती अंतर असते, याची जाणीव अशा माणसाला असणे स्वाभाविक आहे.

डेनेथॉरचा विनाश

या शिळांपैकी एक गॉन्डॉर राज्याच्या राजधानीत होती. राजवंश खंडित झाला होता आणि डेनेथॉर नावाचा कारभारी राज्य सांभाळत होता. हा माणूस खलनायक नव्हे. तो बुद्धिमान, कर्तव्यकठोर आणि स्वाभिमानी आहे. शत्रू बलाढ्य होत चालला आहे हे ओळखून, केवळ राज्याच्या रक्षणासाठी, तो मनोऱ्याच्या माथ्यावरील गुप्त दालनात जाऊन शिळेत पाहू लागतो. सॉरॉन त्याला आपला गुलाम करू शकत नाही, इतके त्याचे मनोबल मोठे आहे. तो शिळेत खोटे दृश्यही दाखवू शकत नाही. टोल्किन यांनी हे गँडाल्फ या ज्ञानी पात्राच्या तोंडून निःसंदिग्धपणे सांगितले आहे: या शिळा खोटे बोलत नाहीत, आणि त्यांना खोटे बोलायला लावणे सॉरॉनलाही शक्य नाही. त्याला शक्य आहे ते एवढेच, की समोरच्याला काय दिसावे याची निवड करणे.

ही निवड पुरेशी ठरते. डेनेथॉरला दिसतात त्या शत्रूच्या अगणित पलटणी, धुमसणाऱ्या भट्ट्या, राजधानीकडे सरकणारी सैन्ये. यातील प्रत्येक दृश्य खरे आहे. अंगठी घेऊन शत्रूच्या प्रदेशातून सरपटत निघालेले दोन थकलेले ग्रामस्थ मात्र त्याला कोणी दाखवत नाही. हा माणूस अकाली म्हातारा होतो. अखेरीस त्याला नदीतून वर येणारा काळ्या शिडांचा ताफा दिसतो. चाचांची ती जहाजे ओळखीची आहेत आणि त्यांची दिशाही राजधानीकडेच आहे. त्यावरून शत्रूला नवी कुमक मिळाली, असा अर्थ तो काढतो. सर्व संपले अशी खात्री पटून तो जखमी पुत्रासह चितेवर चढतो. इतरांनी धावाधाव केल्याने पुत्र वाचतो. डेनेथॉर शिळा हाती घेऊन जळून मरतो. त्यानंतर काही तासांतच तो ताफा धक्क्याला लागतो, आणि त्यातून उतरतो तो गॉन्डॉरचा खरा वारस आरागॉर्न. ती जहाजे त्याने वाटेतच जिंकून घेतलेली असतात. ज्या दृश्याने कारभाऱ्याचा धीर सुटला, तेच दृश्य त्याच्या राज्याच्या सुटकेचे होते.

संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवला जाणारा धडा येथे कथारूपाने समोर येतो. प्रत्येक नोंद अचूक असूनही निष्कर्ष पूर्णतः चुकीचा असू शकतो, कारण नोंदींची निवड एकांगी असते. रुग्णालयाच्या दारात उभे राहून शहराच्या प्रकृतीचा अंदाज बांधणाऱ्याला एकही निरोगी माणूस भेटणार नाही, आणि तरीही त्याने पाहिलेला प्रत्येक रुग्ण खराच असेल. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने मतचाचणी घेतली. सुमारे २४ लाख मतपत्रिका परत आल्या आणि त्यांवरून लँडन विजयी होणार असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. मतपत्रिका खोट्या नव्हत्या. मात्र त्या प्रामुख्याने दूरध्वनी आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांवरून पाठवल्या गेल्या होत्या, आणि सर्वांनी त्या परतही केल्या नव्हत्या. नमुन्याचा आकार प्रचंड होता, पण निवडीचा दोष आकाराने झाकला जात नाही. डेनेथॉरचीही नेमकी हीच चूक झाली. त्याने पुष्कळ पाहिले आणि पुष्कळ म्हणजे सर्व असे मानले.

पाहणारा स्वामीही फसतो

यावरून असे वाटेल, की दुसऱ्याला दाखवणारा तेवढा सुरक्षित असतो. टोल्किन यांनी तोही मार्ग बंद केला आहे. सॉरॉन स्वतःच्या शिळेने दोनदा फसतो, आणि दोन्ही वेळा त्याला दिसलेले खरेच असते.

प्रथम, सारुमान या फितूर विद्वानाच्या बुरुजावरून खाली फेकली गेलेली शिळा पिपिन नावाच्या तरुणाच्या दृष्टीस पडते. कुतूहल अनावर होऊन तो रात्री चोरून तीत पाहतो. सॉरॉनला समोर एक ठेंगणा ग्रामस्थ दिसतो. तो सारुमानचा कैदी असला पाहिजे आणि हवी असलेली अंगठी त्याच्याचकडे असावी, असा तर्क तो करतो. दृश्य खरे होते, अनुमान खोटे ठरले. नंतर आरागॉर्न त्याच शिळेत जाणूनबुजून स्वतःला प्रकट करतो आणि पुन्हा घडवलेली वंशपरंपरागत तलवार शत्रूला दाखवतो. ही अंगठी आता या नव्या राजाने बळकावली असणार, असे सॉरॉनला वाटते. तो घाईने युद्ध सुरू करतो, आणि पुढे आरागॉर्नची लहानशी सेना दाराशी येताच सारे लक्ष तिच्यावर खिळवतो. त्याच वेळी त्याच्या स्वतःच्या मुलखातून दोन ग्रामस्थ अंगठी नष्ट करण्यासाठी चाललेले असतात.

सर्वांत सामर्थ्यवान दृष्टी असलेला हा सत्ताधीश इतका आंधळा का ठरला? त्याला माहिती कमी पडली नाही. त्याचे गृहीतकच अपुरे होते. सत्ता हाती आलेला प्रत्येकजण ती वाढवण्यासाठीच वापरणार, ही त्याची मनुष्यस्वभावाची कल्पना होती. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही असाच एक माणूस वावरतो. तो प्रत्येक क्षणी स्वतःचा लाभ जास्तीत जास्त वाढवत असतो. हिशेबाच्या सोयीसाठी तो उपयुक्त आहे, परंतु सर्व माणसे तशीच असतात असे मानले, की एखादा माणूस हाती आलेली सत्ता टाकून देण्यासाठी जिवाचे रान करील, ही शक्यता विचारातच येत नाही. जे विचारात येत नाही त्याचा शोध कोणी घेत नाही, आणि ज्याचा शोध घेतला जात नाही ते डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. गुहेतल्या अंधारापुढे शिळा हतबल होती, तसाच हा पाहणाऱ्याच्या मनातला अंधार होय.

पाण्यातील भविष्य

याच कादंबरीत दुसरी एक दर्शनवस्तू आहे. गलाद्रिएल ही वनराणी एका उथळ चांदीच्या पात्रात झऱ्याचे पाणी भरते, आणि त्या पाण्यात भूत, वर्तमान व भविष्य यांची दृश्ये उमटतात. फ्रोडोचा सोबती सॅम हा व्यवसायाने माळी. त्याला त्या पाण्यात आपल्या गावची झाडे तोडली जाताना दिसतात, म्हातारा बाप घराबाहेर काढला गेलेला दिसतो. तो तत्क्षणी घरी परतण्यास निघतो. तेव्हा राणी त्याला जे समजावते त्याचा आशय असा आहे: या पाण्यात दिसलेल्या काही गोष्टी कधीच घडत नाहीत, मात्र त्या टाळण्यासाठी माणूस आपली वाट सोडून वळला, तर त्या वळण्यामुळेच घडू शकतात. कृतीचा मार्गदर्शक म्हणून हा आरसा धोक्याचा आहे.

येथे धोक्याचे आणखी एक रूप दिसते. भविष्याचे चित्र स्थिर वस्तूसारखे नसते. ते पाहिल्यामुळे पाहणारा बदलतो आणि पाहणारा बदलल्यामुळे चित्र बदलते. पेढी बुडणार अशी आवई उठली, म्हणजे ठेवीदार रांगा लावतात आणि धडधाकट पेढीही त्या रांगांमुळे अडचणीत येते. टंचाई होणार या भाकिताने लोक साठा करतात आणि टंचाई खरोखर अवतरते. अशा प्रसंगी भाकीत हे स्वतःच घटनेच्या कारणांपैकी एक होऊन बसते.

सॅमचा निर्णय मात्र विचार करण्याजोगा आहे. त्याने पाहिलेले दृश्य निराधार नव्हते; कादंबरीच्या अखेरीस त्याच्या गावाची तशीच दुर्दशा झालेली आढळते. म्हणजे तो परतला असता, तर एका सत्य वार्तेवर विश्वास ठेवून परतला असता. पण मग फ्रोडो एकटा पडला असता, अंगठी नष्ट झाली नसती आणि गावही वाचले नसते. सॅम रडतो, आणि मग घरी जायचे तर फ्रोडोबरोबर लांबच्या वाटेनेच, असे ठरवतो. डेनेथॉर आणि सॅम या दोघांनाही अशुभ दिसले आणि दोघांनाही खरे दिसले. एकाने दृश्याला आपले कर्तव्य ठरवू दिले; दुसऱ्याने आधी ठरलेल्या कर्तव्याच्या प्रकाशात दृश्याकडे पाहिले. बुद्धी, विद्या आणि अधिकार यांत कारभारी माळ्यापेक्षा कितीतरी श्रेष्ठ होता. तरीही तगला तो माळी.

एकट्याने पाहणे

या दोन प्रसंगांत आणखी एक भेद आहे. सॅम पाहतो तेव्हा शेजारी फ्रोडो आहे आणि दृश्याची मर्यादा सांगणारी राणी आहे. डेनेथॉर रात्री, बंद दालनात, कोणालाही न सांगता पाहतो. त्याला काय दिसले याची चर्चा होत नाही, म्हणून त्याच्या निष्कर्षाला कोणी हरकतही घेत नाही.

मराठी वाचकाला या ठिकाणी महाभारतातील संजयाची आठवण होणे साहजिक आहे. व्यासांनी दिव्यदृष्टी देऊ केली ती धृतराष्ट्राला. स्वकीयांचा संहार पाहण्याची इच्छा नाही, ऐकण्याची आहे, असे सांगून त्याने ती नाकारली आणि ती संजयाला मिळाली. संजय हा केवळ दूरचे पाहणारा साधनरूप पुरुष नाही. तो पाहिलेले सांगतो, सांगताना त्याचा अर्थ लावतो आणि प्रसंगी राजाला त्याच्याच दोषांबद्दल खडसावतो. दुर्योधनाच्या मृत्यूनंतर त्याची दिव्यदृष्टी जाते. ती कार्यापुरती होती. धृतराष्ट्राने त्याचे ऐकले नाही, हा भाग वेगळा. परंतु दृष्टी आणि राजा यांच्यामध्ये एक विवेकी माणूस उभा होता, हे महत्त्वाचे. अर्थात मधला माणूस विवेकी हवा. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या पदरी असलेले गणितज्ञ जॉन डी यांना स्फटिकात देवदूत पाहण्याची आस होती, पण त्यांना स्वतःला काही दिसत नसे. एडवर्ड केली हा पाहून सांगे आणि डी वह्याच्या वह्या भरत. केलीने सांगितलेल्या ‘देवदूतांच्या आज्ञा’ पुढे डी यांच्या संसारापर्यंत जाऊन पोहोचल्या, आणि तरीही त्या विद्वान गृहस्थाला मधल्या माणसाची शंका आली नाही. डी यांचा म्हणून ओळखला जाणारा काळ्या ज्वालामुखी काचेचा आरसा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ती काच मेक्सिकोतील पाचूका येथील असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय तपासणीत आढळले.

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटरच्या कथांतही हेच सूत्र आढळते. पहिल्या पुस्तकातील (१९९७) आरसा पाहणाऱ्याची सर्वांत खोल इच्छा दाखवतो. पोरक्या हॅरीला त्यात आईवडील दिसतात आणि तो रात्रीमागून रात्री एकटाच त्याच्यासमोर बसू लागतो. त्या आरशातून ज्ञानही मिळत नाही आणि सत्यही मिळत नाही. त्यापुढे माणसे झिजून गेली आहेत, असे त्याचे मुख्याध्यापक त्याला समजावतात आणि आरसा तेथून हलवतात. पाचव्या पुस्तकात (२००३) याची उलट बाजू येते. पालकासमान असलेल्या सिरियसचा छळ होत असल्याचे दृश्य हॅरीच्या मनात शत्रू घालतो, आणि तो त्याला वाचवण्यास धावतो. वस्तुतः सिरियसशी थेट बोलता येईल असा एक जोडआरसा त्याच्या पेटीत न उघडता पडलेला असतो. तो त्याला आठवतो, पण सिरियसच्या मृत्यूनंतर. मनावर आदळणाऱ्या दृश्यावर विश्वास बसला आणि ज्याच्याविषयी ते दृश्य होते त्यालाच विचारायचे राहून गेले.

प्रत्येकाच्या हाती एक शिळा

अद्‌भुतकथेतील वस्तू आता कथेतच राहिलेल्या नाहीत. गुप्तहेर खाती आणि लष्कर यांना माहितीच्या विश्लेषणाची प्रणाली पुरवणारी एक अमेरिकन कंपनी २००३ मध्ये स्थापन झाली. तिने आपले नाव टोल्किन यांच्या शिळांवरूनच ‘पालान्तीर’ असे ठेवले. ज्या वस्तूने कादंबरीत कारभारी, विद्वान आणि स्वतः सॉरॉन यांना चकवले, तिचे नाव अभिमानाने धारण केले जावे, यावरून दूरदृष्टीचे आकर्षण किती प्रबळ आहे हे दिसते.

परंतु केवळ राज्यकर्त्यांकडे बोट दाखवून भागणार नाही. लिपिक, शिक्षक, विद्यार्थी, सर्वांच्या खिशात आज मोबाइलच्या रूपाने एक काळी, गुळगुळीत शिळा आहे. तीतून जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील दृश्य क्षणात दिसते. कोठे पूर, कोठे दंगल, कोठे वर्गमित्राचे नवे घर, कोठे कोणाचे परदेशगमन. यातील पुष्कळसे खरेही असते. मात्र काय दिसावे याची निवड पाहणाऱ्याने केलेली नसते. ज्याला त्याची नजर खिळवून ठेवण्यात लाभ आहे, त्याने ती केलेली असते. आणि शिळेचा जो नियम पिपिनला महागात पडला तो येथेही लागू आहे: पाहणारा त्याच वेळी पाहिलाही जातो.

अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माहिती ही तिच्या ग्राहकाचे लक्ष खर्ची घालते, म्हणून माहितीची विपुलता म्हणजे लक्षाची टंचाई, हा विचार त्यांनी १९७१ मध्येच मांडला होता. दिव्यदृष्टीची किंमत ती हीच. ती पैशांत मोजली जात नाही, म्हणून ती फुकट वाटते. डेनेथॉरने ती आयुष्याच्या वर्षांत चुकती केली, राणीने झोपेत आणि हॅरीने रात्रींत. परीक्षेच्या आदल्या रात्री इतरांचे यश पाहत बसलेला विद्यार्थीही ती कोणत्या ना कोणत्या चलनात चुकती करतच असतो.

मग पाहूच नये काय? टोल्किन यांचे उत्तर असे नाही. आरागॉर्न शिळेत पाहतो आणि तिचा उपयोगही करून घेतो. पण शिळेवर त्याचा अधिकार आहे, पाहण्याचा हेतू निश्चित आहे, आणि हेतू साधताच तो शिळा आपल्या इच्छेच्या ताब्यात आणून बाजूला होतो. या कथांतून निघणारा विवेक एवढाच आहे, की दिसलेले खरे आहे काय, हा प्रश्न आवश्यक असला तरी पुरेसा नाही. हे मला कोण दाखवत आहे, यात काय वगळले आहे, आणि ज्याच्याविषयी हे आहे त्याला विचारण्याचा काही मार्ग मोकळा आहे काय, हेही विचारावे लागते. शिवाय शक्यतो ते एकट्याने विचारू नये.

डेनेथॉरच्या मृत्यूनंतर ती शिळा फुटत नाही. मात्र असामान्य इच्छाशक्ती नसलेल्या कोणीही तीत पाहिले, तर त्याला ज्वाळांत करपत चाललेले दोन म्हातारे हात तेवढे दिसतात, असे टोल्किन यांनी लिहून ठेवले आहे. सॅम मात्र गावी परततो. तोडलेल्या झाडांच्या जागी तो रोपे लावतो. गावाची दुर्दशा त्याने पाण्यात पाहिली होती. पुढे त्या जागी उभी राहिलेली झाडे त्या पाण्याने त्याला दाखवली नव्हती. ती त्याला हाताने लावावी लागली.